माझ्या पायाची हिकमत

आमच्या अब्बाला कशाचंच नवल वाटत नव्हतं. कोंबडी रानमांजरानं उचलली, की "त्याची हिकमत." अंगणात वाळत घातलेल्या कापसाच्या रुईवर अवकाळी पाऊस पडला, की "त्याची हिकमत." मायनं भाजी करपवली तरी तेच, आणि तेव्हा मात्र माय हातातला सराटा, म्हणजे उलथनं, घेऊनच वळायची. "हिकमत त्याची नाई जी, भाजी माही करपली. बोलाचं ते मले बोला, अल्लाले काऊन मधात घेता?"

हिकमत म्हणजे काय ते आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही म्हातारी काय बोलून राहिली. अब्बाच्या बोलण्यात हिकमत म्हणजे अल्लाचं शहाणपण. जे घडतं त्याच्या मागं त्याचा काहीतरी विचार असतो. तो आपल्याला दिसत नाही, दिसलाच पाहिजे असंही नाही, पण असतो. एवढा मोठा अर्थ एका शब्दात कोंबून अब्बा मोकळा व्हायचा आणि पुन्हा कापूस पिंजायला बसायचा.

आम्ही पिंजारी. चिमूरच्या अलीकडं, रानाला लागून असलेल्या गावात मुसलमानाचं आमचं एकच घर. बाकी सगळे कुणबी, तलावाच्या काठानं मासे धरणारे ढिवर, नि पलीकडं गोंडांची दहा-बारा घरं. अब्बाला अख्खं गाव पिंजारीभाऊ म्हणायचं. आम्ही घरात बापाला अब्बा म्हणायचो नि आईला माय. एक मशिदीकडून आलं, एक गावाकडून आलं, कोणी रागावायला नको.

दसरा झाला की अब्बाचा हंगाम. पिंजण म्हणजे माणसाच्या उंचीचं लाकडी धनुष्य, आणि त्याला आतड्याची पीळ दिलेली दोरी ताणून बांधलेली असते, तिला तात म्हणतात. ती तात रुईच्या ढिगात धरायची नि लाकडी मोगरीनं तिच्यावर ठोके द्यायचे. रुई फुलून नुसती उडते. आणि आवाज? बापा रे! तुंई-तुंई करत ती तात अशी वाजते, की शेजारी बसलेला माणूस काय बोलतो ते ऐकू येत नाही. हे ध्यानात ठेवा, पुढं कामाचं आहे.

आता माझा पाय. मी तीन वर्षांची असताना ताप आला. आठ दिवस राहिला, गेला, आणि जाताना डावा पाय बारीक करून गेला. मी चालायची ती डाव्या मांडीवर हात दाबून, एक पाऊल टाकलं की अर्धं वाकून. मला त्याचं फार काही वाटत नव्हतं, कारण दुसरं कसं चालतात ते मला आठवतच नव्हतं. वाटायचं ते लोकांनाच. आणि लोकांना नुसतं वाटून भागत नाही, त्यांना कारण लागतं. माझ्या पायाला जेवढी कारणं मिळाली तेवढी खेळणी मला मिळाली असती तर बरं झालं असतं.

शेजारची कुणबीण यायची, मला जवळ घ्यायची, डोळ्याला पदर लावायची नि म्हणायची, "मागल्या जन्मीचं काई असन, बाई." माय तिला पानसुपारी द्यायची आणि विचारायची, "आमच्यात मागला जन्मच नाई वं. मंग या पोट्टीनं चूक कवा केली?" कुणबीण बिचारी विचारात पडायची. पुढच्या वेळी आली की पुन्हा तेच.

ईदेला वरोऱ्याहून मौलवीसाहेब यायचे. ते म्हणायचे, ही आजमाइश आहे, म्हणजे अल्ला आपल्या माणसाची परीक्षा घेतो. मी फार खूश झाले होते, कारण पाय असा म्हणून मला शाळेत घातलं नव्हतं आणि परीक्षा म्हणजे काहीतरी मानाची गोष्ट हे मला माहीत होतं. मी विचारलं, "पास झाली का नाई मी?" मौलवीसाहेबांनी दाढीवरून हात फिरवला आणि जेवण छान झाल्याचं सांगितलं.

आणि खाला. मायची मोठी बहीण. तिनं तर माझ्यासमोरच मायला समजावलं, "रडू नको वं. पाय असा आहे म्हनून पोरगी सासरी जानार नाई, तुह्याजवळच राहीन. पाह्य, अल्लानं तुहा किती इचार केला!" म्हणजे मायला सोबत पाहिजे म्हणून पाय माझा घेतला! मला असा राग आला, की मी खालाच्या चपला उचलून तलावाच्या गाळात रोवून आले. जाता-येता मला अर्धी दुपार लागली, पण आले रोवून. खाला अनवाणी घरी गेली तेव्हा अब्बा म्हणाला, "त्याची हिकमत."

पाहा! खालाच्या चपलांना हिकमत. कोंबडीला हिकमत. करपलेल्या भाजीलासुद्धा हिकमत. आणि माझ्या पायाला? एक अक्षर नाही. पायाची गोष्ट निघाली, कोणी हळहळलं, कोणी कारण सांगायला लागलं, की अब्बा उठायचा, पिंजण ओढायचा आणि ठोके द्यायला सुरुवात करायचा. तुंई-तुंई, तुंई-तुंई. रुई आधीच पिंजून झालेली असली तरी पुन्हा पिंजायचा. बोलणारा दोन-चार वेळा ओरडून बघायचा, मग चहा पिऊन निघून जायचा.

नऊ वर्षांच्या पोरीच्या डोक्यात हे कसं बसलं ते सांगते. मला वाटलं, सगळ्या जगावर अल्लाची नजर आहे, कोंबडीवर आहे, चपलेवर आहे, फक्त माझ्या पायाच्या वेळी तो दुसरीकडं बघत होता. अब्बाला ते कळलेलं आहे आणि तो मला सांगत नाही. खोटं बोलता येत नाही, म्हणून वाजवत बसतो. हे एकदा मनात आलं ते जाईचना. लोक लंगडी म्हणायचे त्याचं दुःख नव्हतं मला. पण विसरलेली म्हणजे फारच झालं. अब्बाच्या तोंडून माझ्या पायाला तो एक शब्द ऐकायचा, एवढंच मला पाहिजे होतं.

मी काय काय केलं नाही! अब्बासमोर मुद्दाम पडले. तो धावत आला, मला उचललं, माती झाडली, गुळाचा खडा दिला. शब्द नाही. मायचं मडकं फोडून पाहिलं. मडक्याला लगेच हिकमत मिळाली, मला मायचे दोन धपाटे मिळाले. शेवटी मी ठरवलं की अब्बाला ज्याची सगळ्यात जास्त काळजी आहे तेच मोडून पाहायचं. त्यालाही हिकमत म्हणाला, तर मग उघडच विचारायचं, की आता उरलं काय?

त्या साली माघात पाटलाच्या मुलीचं लग्न होतं आणि गाद्या, उशा, रजया सगळं अब्बाकडं. आमच्या पडवीत रुईचा डोंगर. अब्बा पहाटेपासून बसायचा तो जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजीलाच उठायचा. आणि नमाजीला उठला की लवकर परत यायचा नाही. नमाज व्हायची नेहमीच्याच वेळात, पण नंतर हात वर करून जी दुआ मागत बसायचा, ती संपायचं नाव नाही. मायनं ठेवलेला गुळाचा चहा गार व्हायचा, त्यावर साय धरायची, साईवर रुईचे तंतू येऊन बसायचे. "एवढं काय मांगून राह्यले जी?" माय चुलीपासून ओरडायची. "अल्लाले दुसरं गिऱ्हाईक नाई का?" अब्बा हात खाली घ्यायचा नाही.

तर त्या दिवशी तो असाच पडवीच्या टोकाला पाठमोरा बसलेला, हात वर. माय चुलीशी. मी मासे कापायची सुरी घेतली नि तात कापायला बसले. तात काय साधी सुतळी आहे? घासून घासून माझा हात दुखून आला. मनात भीती होती की आता अब्बा उठतो, आता उठतो, पण त्याची दुआ काही संपेना. मी त्या लांबलचक दुआचे आभारच मानले. तीन हिस्से कापून झाली, थोडीशी राहिली, तेव्हा मी सुरी धुऊन जागेवर ठेवली आणि साळसूदासारखी सरकी निवडायला बसले.

अब्बा आला, गार चहा प्याला, पिंजण घेतलं, पहिला ठोका दिला, दुसरा दिला. तिसऱ्याला तात तुटली.

तुटून सरळ खाली पडेल असं मला वाटलं होतं. ताणलेली तात तशी पडत नसते हे मला काय माहीत! ती उसळली नि अब्बाच्या तोंडावर बसली. डाव्या डोळ्याखाली गालावरचं कातडं फाटलं. अब्बानं गालावर हात दाबला, बोटांतून रक्त यायला लागलं, पांढऱ्या रुईवर पडायला लागलं. मला वाटलं डोळाच गेला.

आणि त्या रक्तातून अब्बा काय म्हणाला? "असू दे. त्याची हिकमत."

मायनं हळद आणली, चिंधी जाळून राख दाबली, डोळा उघडून पाहिला. डोळा शाबूत होता, जखम बोटभर खाली. मग तिचं लक्ष तातेकडं गेलं. तुटलेल्या तातेचं टोक झाडूसारखं विसकटलेलं असतं. हिचं टोक एका अंगानं स्वच्छ कापलेलं. माय पिंजाऱ्याची बायको, तिला काय सांगावं लागतं! तिनं तात पाहिली, सुरी पाहिली, मला पाहिलं.

"घ्या जी तुमची हिकमत," ती म्हणाली. "सुरी या पोट्टीची आहे. अल्लाच्या माथी काऊन मारता?"

अब्बानं तात हातात घेऊन पाहिली. मला वाटलं आता काही खरं नाही. तो म्हणाला, "सुरी तिचीच, खरं आहे. त्याचं तिले बोलाच लागन. पन डोळा बोटभरानं वाचला, तो कोनी वाचवला?"

मायजवळ उत्तर नसणं ही आमच्या घरात मोठी गोष्ट. मग तिनं त्याचा सूड माझ्यावर घेतला आणि तिच्या तोंडाचा पट्टा जो सुरू झाला तो शेजारची कुणबीण धावत येईपर्यंत थांबला नाही.

नवी तात चिमूरहून आणावी लागणार, म्हणजे दुसऱ्या दिवशीच. लग्न तर तोंडावर. मग आम्ही तिघं ढिगाभोवती बसून हातानं रुई मोकळी करायला लागलो. बोटांनी ओढायची, कचरा काढायचा, पुन्हा ओढायची. कुणबीणही मदतीला बसली. तिनं अब्बाच्या गालाकडं पाहून चकचक केलं, मग माझ्याकडं पाहून उसासा टाकला आणि म्हणाली, "भाऊ, आधीच या पोरीच्या पायाचं दुःख, त्यात हे. मागल्या जन्मीचं..."

अब्बाचा हात सवयीनं पिंजणाकडं गेला. पिंजण उचललं, मांडीवर घेतलं. त्याला तातच नव्हती.

तो तसाच बसून राहिला, रिकामं लाकूड धरून. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आमच्या पडवीत पायाची गोष्ट निघाली होती आणि अब्बाला वाजवायला काही नव्हतं. कुणबीण आपलं बोलणं पूर्ण ऐकू आलं म्हणून स्वतःच दचकली आणि चूल पाहायची आहे म्हणून उठून गेली.

मी म्हटलं, "अब्बा, तुमी तातेले म्हटलं. गालाले म्हटलं. खालाच्या चपलेलेबी म्हटलं. माह्या पायाले काऊन नाई म्हनत?"

माय म्हणाली, "चूप वं."

"बोलू दे तिले," अब्बा म्हणाला. "म्हनून कापली का तात?"

मी मान हलवली. आणि जे इतके दिवस पोटात होतं ते भडाभडा बोलून टाकलं. अल्ला तेव्हा दुसरीकडं पाहत होता, मी त्याच्या ध्यानात राहिले नाही, सगळ्यांची हिकमत आहे नि माझीच नाही. बोलता बोलता रडायला लागले. नाकाला रुई चिकटली. मायही खाली मान घालून रुई ओढत होती, पण एकच पुंजका ओढत होती, तो पार भुगा झाला तरी.

अब्बानं पिंजण बाजूला ठेवलं. "पोरी, तात माही तुटली. गाल माहा फुटला. चपलेचं तं हासन्यावारी होतं. जे माह्यावर आलं त्याले मी हिकमत म्हनतो, ते माहं नि अल्लाचं आहे. पाय तुहा आहे. दुखते तुले. पडतं तू. त्याले हिकमत म्हननारा मी कोन? मी म्हटलं तं माहं मन हलकं होईन, तुहा पाय नाई होनार."

"मंग हिकमत आहे का नाई?"

"आहे. तो इसरत नाई कोनाले. पन कोनती, ते मले नाई दिसली. एवढे लोक येऊन सांगतात, तेयले दिसली असन. मी तुहा बाप आहो, मले नाई दिसली." त्यानं रुईतली एक काडी काढून टाकली. "न दिसता दिसली म्हनलं, तं ते खोटं होईन. म्हनून वाजवतो."

"मंग त्यालेच इचारा नं."

"रोज इचारतो. नमाजीले एवढा उशीर काऊन लागते मले? तुही माय म्हनते काय मांगून राह्यले. हेच. पाच टाइम इचारतो. आज दुपारीबी इचारलं."

आज दुपारी. म्हणजे मी त्याच्या पाठीमागं बसून सुरी घासत होते तेव्हा. ज्या लांबलचक दुआचे मी आभार मानत होते, तिच्यात तो माझा पायच घेऊन बसला होता. मला अंगभर शरम वाटली. आणि खोटं कशाला सांगू, शरमेखाली कुठंतरी असं बरंही वाटलं, जसं आजवर कधी वाटलं नव्हतं. दिवसातून पाच वेळा ज्याची आठवण अल्लाला करून दिली जाते, ते विसरलं कसं जाईल?

"असं इचारलं तं गुन्हा नाई लागत?" मी डोळे पुसत विचारलं.

"पैगंबरसाहेबांचं लहानसं लेकरू गेलं तवा तेबी रडले होते. रडनं म्हनजे भांडन नाई," अब्बा म्हणाला. मग थोडा थांबून, "पन तात कापनं भांडनच आहे बरं का. ते पुन्हा करू नको."

मायला हसू आलं. ते लपवायला तिनं नाक शिंकरलं. मग ती म्हणाली, "सहा वर्सं झाले चहा थंडा करून राह्यले, तवा एक शबूद सांगता नाई आला?" अब्बानं रुईचा नवा पुंजका ओढायला घेतला. गालावरची राख ओली झाली होती, ती रक्तानं की कशानं ते मी पाहिलं नाही.

पाटलाच्या गाद्या वेळेवर झाल्या. एका उशीत मात्र आम्ही निवडूनही रक्ताचे दोन ठिपके राहिले असणार, असं मला नेहमी वाटतं. नवरीनं त्यावर डोकं ठेवून बरीच वर्षं सुखानं संसार केला, तेव्हा त्यानं काही नुकसान झालेलं दिसत नाही. अब्बाच्या गालावर पांढरी रेघ शेवटपर्यंत राहिली. नवं गिऱ्हाईक विचारायचं, हे काय झालं भाऊ? तो माझ्याकडं पाहायचा आणि गंभीरपणे सांगायचा, "त्याची हिकमत." मी तिथून उठून जायची.

माझा पाय तसाच आहे. त्याला हिकमत म्हणायचा अधिकार अब्बानं माझ्याकडं ठेवून दिला, तो मी माझ्या मर्जीनं वापरते. दिवस बरा असला तर म्हणते. थंडीत गुडघा ठणकायला लागला की नाही म्हणत, आणि अल्लाला काय वाटायचं ते वाटो. आपल्या माणसाचा स्वभाव त्याला माहीत असतोच. पण दुसऱ्याच्या दारात, त्याच्या दुःखाला मी तो शब्द आजवर लावलेला नाही. बसते, रुई असली तर रुई ओढते, भाजी असली तर भाजी निवडते, आणि घरी येते.

पण मी दुसऱ्या दिवसाचं सांगायचं विसरत होते. अब्बा चिमूरहून नवी तात घेऊन आला, ती बांधायच्या आधी नमाजीला बसला. मी मांडीवर हात दाबत पडवीच्या टोकापर्यंत गेले आणि त्याच्या मागं बसून हात वर केले. बराच वेळ गेला. अब्बानं मान न वळवता विचारलं, "तू काय मांगून राह्यली वं?"

"तुमी इचारता तेच. दोघायनं इचारलं तं लवकर सांगन."

त्याची पाठ हलली, हसत होता. चुलीपासून मायचा आवाज आला, "बसा दोघंबी! आता दोन चहा थंडे होतीन." आणि भांड्याचा आवाज झाला.

उत्तर काही त्या दिवशी आलं नाही, अजूनही आलेलं नाही. आम्ही उठून आत गेलो, तर निखाऱ्यावर दोन पेले ठेवलेले होते, वर ताटली झाकून. चहा गरम होता.